३८० चं काय करायचं?

साशंक : सर, सरळच विचारतो. भाचीला एम.टेक.च्या गेट परीक्षेत ३८० आले. चार वर्षं निफाडहून जाऊन-येऊन तिनं नाशिकला मेकॅनिकल केलं. एकही विषय राहिला नाही, डिस्टिंक्शन कधी सोडलं नाही, आणि आता हा आकडा. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, एक वर्ष ड्रॉप घे आणि पुन्हा दे. मला हे पटत नाही. हजारात ३८० मिळवणारी मुलगी वर्षभर घरी बसली की ६००-७०० मिळवेल, असं मानायला आधार काय? परीक्षा तीच, मुलगी तीच, पुस्तकंही तीच. जे चार वर्षांत बसलं नाही, ते मार्च ते फेब्रुवारी या अकरा महिन्यांत बसेल असं आपण कशावरून म्हणतो? तुम्ही क्लासमध्ये शिकवता, तिलाही तुम्हीच शिकवलंत, म्हणून तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.

आशावादी : काका, तो ३८० आधी नीट वाचू या, कारण घरात तो बहुतेक चुकीचा वाचला गेलाय. हजारापैकी ३८०, म्हणजे ३८ टक्के, म्हणजे जेमतेम पास, असा त्याचा अर्थ नाही. पेपर १०० मार्कांचा, प्रश्न ६५. पात्रतेची रेषा ठरते ती अशी : २५ मार्क, किंवा सगळ्यांची सरासरी अधिक एक प्रमाण विचलन, यांतलं जे जास्त असेल ते. खुल्या गटासाठी ही रेषा, राखीव गटांसाठी ती खाली येते. या खुल्या गटाच्या रेषेवर जो असतो त्याला स्कोअर मिळतो ३५०. वरच्या टोकाला, त्या विषयातल्या सगळ्यांत वरच्या ०.१ टक्के किंवा पहिल्या दहा जणांचे सरासरी मार्क काढतात आणि तिथे ९०० ठेवतात. मधे सरळ रेषा. समजा, रेषा ३० मार्कांवर आहे आणि वरच्यांची सरासरी ८५. मधलं अंतर ५५ मार्कांचं आणि तेवढ्यात स्कोअर चढतो ५५०. म्हणजे एक मार्क म्हणजे दहा. या हिशेबानं तिला ३३ मार्क पडले. बसलेल्यांतले बहुसंख्य तीसच्या रेषेखालीच राहिले, ती वर आहे. दोन मार्कांचे पाच प्रश्न आणखी बरोबर आले असते तर ४३ मार्क आणि ४८० स्कोअर. तुम्ही ज्याला डोंगर म्हणताय तो पाच प्रश्नांचा आहे.

साशंक : 'आले असते तर' हे प्रत्येक विद्यार्थी म्हणतो. मी अंबडला कारखान्यात क्वालिटी बघतो, तिथे रोज हेच ऐकतो. आमच्याकडे नवीन ऑपरेटर एक पीस मोजतो, माप जरा मोठं आलं की लगेच मशीनचं सेटिंग हलवतो. पुढचा पीस बरोबर येतो, आणि त्याला वाटतं की आपण हलवलं म्हणून आलं. खरं तर न हलवताही तो बरोबर आला असता, कारण माप मुळात थोडं वर-खाली होतच असतं. तुमच्या क्लासेसचं यश मला तसंच वाटतं. एखाद्याचा पेपर त्या दिवशी त्याच्या कुवतीपेक्षा वाईट गेला, तो दुःखी होऊन क्लास लावतो, पुढच्या वर्षी पेपर त्याच्या नेहमीच्या पातळीवर जातो, आणि श्रेय क्लासला. कॉलेज रोडनं जाताना फलक दिसतात, हसरे चेहरे, ऑल इंडिया रँक. किती जणांनी वर्ष दिलं आणि होते तिथेच राहिले, त्यांचा फलक कोण लावतं? छेद न सांगता नुसता अंश सांगितला तर त्याला आमच्या खात्यात रिपोर्ट म्हणत नाहीत.

आशावादी : फलकांबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. माझं पोट त्या धंद्यावर आहे, तरी मान्य आहे. किती जण पुन्हा बसले आणि त्यांतल्या किती जणांचे मार्क वाढले, हे प्रत्येक क्लासनं छापायला हवं. पण तुमचाच नियम पुढे नेऊ. एका पीसवरून मशीन हलवू नये, बरोबर. मग एका पेपरवरून मुलीलाही निकालात काढू नये. तिचे बाकीचे पीस आहेत ना, त्या सराव परीक्षा. माझ्याकडे नोंद आहे. एकदा ४४, एकदा ३१, मग ४१, मग पुन्हा ३४. खरा पेपर ३३.

साशंक : थांबा. या नोंदीतून तुम्ही मला धीर देताय, पण मला ती जास्त वाईट दिसते. ३१ ते ४४? इतकं व्हेरिएशन असेल तर आम्ही म्हणतो, प्रोसेस ताब्यातच नाही. सरासरी काय आहे हे बोलण्यातही अर्थ नसतो. आधी सांगा, या सराव परीक्षा एकाच प्रतीच्या होत्या का? एका कंपनीची अवघड, दुसरीची सोपी, असं असेल तर मोजपट्टीच रोज बदलतेय.

आशावादी : म्हणूनच मी मॉकच्या भरवशावर बोलत नाही. हे आकडे गेटच्या खऱ्या जुन्या पेपरांचे आहेत. आयआयटीच ते आपल्या वेबसाइटवर ठेवतात, पैसे पडत नाहीत. सकाळी साडेनऊ ते साडेबारा, मधे उठायचं नाही, हातातला कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून स्क्रीनवरचाच वापरायचा, असं बसवून घेतलेले पेपर. तेही वर्षागणिक थोडे सोपे-अवघड असतात, पण १३ मार्कांचा फरक त्यानं पडत नाही. तुम्ही म्हणता ते खरंच आहे, प्रोसेस ताब्यात नाही. पण काका, हे निदान हताश होण्याचं नाही. अभ्यासच नसता तर ४४ कधीच आले नसते.

साशंक : मग ३१ का येतात?

आशावादी : एक प्रश्न दाखवतो. इंजिन ३२७ अंश सेल्सिअस आणि २७ अंश सेल्सिअस या दोन तापमानांमध्ये चालतंय, जास्तीत जास्त कार्यक्षमता किती? अगदी प्राथमिक. केल्विनमध्ये ६०० आणि ३००, उत्तर ५० टक्के. तिनं घाईत सेल्सिअसचेच आकडे घातले, एक वजा २७ भागिले ३२७, आणि उत्तर टाकलं ९१.७. कॉलेजच्या पेपरात तिनं सूत्र लिहिलं असतं, आकृती काढली असती, किमती मांडल्या असत्या, आणि शेवट चुकला असता तरी पाचपैकी तीन-साडेतीन मार्क मिळाले असते. स्टेप मार्क्स. इथे उत्तर आकड्यात टाइप करायचं असतं. बरोबर असेल तर दोन, नसेल तर शून्य. मधल्या पायऱ्या कोणी बघत नाही. या मुलीला चार वर्षं पायऱ्यांचे मार्क मिळत आले. शेवटचा आकडा तपासायची, '९१ टक्के कार्यक्षमतेचं इंजिन कुठे असतं का' असा प्रश्न स्वतःला विचारायची सवय तिला कधी लागलीच नाही, कारण ती नसल्याचा तोटा कधी झाला नाही. डिस्टिंक्शन खोटं नाही. ते वेगळ्या गोष्टीचं आहे.

साशंक : हे ऐकून मला राग येतो. तिचा नाही येत, या व्यवस्थेचा येतो. चार वर्षांची फी आम्ही भरली. चार वर्षं तिला सांगितलं, तू हुशार आहेस. आणि आता कळतं की आकडा अर्थपूर्ण आहे की नाही हे बघायलाच कोणी शिकवलं नाही. ही तर इंजिनिअरिंगमधली पहिली गोष्ट. आमच्याकडे ड्रॉइंगवर दशांश चिन्ह चुकलं तर लॉटच्या लॉट भंगारात जातो, सूत्र बरोबर होतं म्हणून गिऱ्हाईक तीन-साडेतीन मार्क देत नाही. मग मला सांगा, कॉलेजनं ठेवलेली उणीव भरून काढायला तिनं स्वतःचं एक वर्ष का द्यायचं? आणि तुमच्या क्लासला वेगळी फी का?

आशावादी : याला माझ्याकडे उत्तर नाही. अन्याय आहेच. पण तो अन्याय कोणी भरून देणार नाही, आणि उणीव राहिली तर ती पुढे नोकरीतही तिच्यासोबत येईल. फीबद्दल सांगायचं तर, यासाठी क्लास लागतोच असं मी म्हणणार नाही. आयआयटी आणि आयआयएस्सी यांचे एनपीटीईएलचे व्हिडिओ २००३ पासून तयार होत आलेत, बघायला फुकट आहेत. ज्या धड्याचा पायाच कच्चा आहे, तो तिथे पुन्हा बघता येतो. खरं काम त्यापुढचं आहे आणि ते क्लासमध्ये होत नाही. परीक्षेनंतर प्रत्येकाची रिस्पॉन्स शीट लॉगिनवर येते, आपण काय टिचकवलं, काय टाइप केलं, सगळं. उत्तरतालिकाही येते. ती दोन्ही समोर ठेवून ६५ च्या ६५ प्रश्नांसमोर कारण लिहायचं. हे मला येतच नव्हतं. हे येत होतं, आकडेमोड किंवा एकक चुकलं. हे येत होतं, वेळच उरला नाही. हा नुसता अंदाज होता. असं कारण लिहिलेली वही मी फार थोड्या मुलांकडे बघितली आहे. बाकीचे निकाल लागला की दोन दिवस रडतात आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या धड्यापासून नोट्स वाचायला घेतात.

साशंक : त्यात वाईट काय? उजळणी नको का?

आशावादी : वाचून झालेलं पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतं असा समज होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. घरी बसून 'दहा तास अभ्यास' करणाऱ्या मुलांचे बरेच तास त्या पहिल्या प्रकारात जातात. आई-वडिलांना दिवा जळताना दिसतो, मुलीला पान उलटताना दिसतं, आणि फेब्रुवारीत तोच आकडा येतो. तुमची शंका या मुलांबद्दल असेल तर ती शंभर टक्के खरी आहे.

साशंक : आणि अंदाजाचं काय? ती म्हणते, निगेटिव्हनं घात केला.

आशावादी : निगेटिव्हवर मुलं फार ढकलतात. चार पर्यायांच्या एका मार्काच्या प्रश्नाला चुकलं तर एक तृतीयांश जातो, दोन मार्कांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. डोळे मिटून टिचकवलं तरी लांबच्या हिशेबात बेरीज शून्य होते, कमी होत नाही. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर अंदाज फायद्याचाच. आणि आकडा टाइप करायच्या किंवा एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नांना निगेटिव्ह नसतंच. तिनं असे चार प्रश्न कोरे सोडले होते, भीतीनं. उलट मेकॅनिकलच्या पेपरात १५ मार्क जनरल ॲप्टिट्यूडचे आणि साधारण १३ गणिताचे. २८ मार्क झाले. मुलं थर्मोडायनॅमिक्सच्या मागे जीव काढतात आणि हे शेवटच्या महिन्यावर ठेवतात. हिचंही तेच झालं.

साशंक : ठीक, मी एवढं मान्य करतो की मार्क वाढू शकतात. पण तुम्ही अजून वर्षाचा हिशेब केलेला नाही. तुमच्या तक्त्यात वर्ष म्हणजे अकरा महिने, रोज आठ तास. दाजींची द्राक्षबाग, त्यांच्या घरातलं वर्ष वेगळं असतं. ऑक्टोबरात गोडी छाटणी. मग डिपिंग, विरळणी, फवारणी, दव पडलं की रात्रीच्या रात्री जागून काढायच्या. जानेवारीपासून खुडा, आणि तुमची गेट बरोबर फेब्रुवारीत, बागेत मजूर आणि दारात व्यापारी असताना. मुलगी घरी आहे म्हटल्यावर डबे कोण करणार, हिशेबाची वही कोण धरणार? मुलगा असता तर त्याला नाशिकला खोली करून दिली असती, अभ्यासिका लावून दिली असती. मुलीला म्हणतील, घरीच तर आहेस, कर अभ्यास. आणि डिग्री झालेली मुलगी घरी दिसली की स्थळं यायला लागतात. मे महिन्यात पहिलं स्थळ येईल, दिवाळीनंतर दाजींवर दबाव वाढेल. ड्रॉप घेतला हे आपण म्हणतो, गाव म्हणतं रिकामी आहे. नोकरीला लागली तर निदान कोणी असं म्हणणार नाही. म्हणून मी म्हणतो, ट्रेनी म्हणून लाग. ही माझी शंका परीक्षेबद्दलची नाही सर, वर्षाबद्दलची आहे.

आशावादी : हे मी तक्त्यात धरलं नव्हतं. मुलींच्या बाबतीत मी हे बघितलंय, तरी वर्ग घेताना सगळ्यांना एकच वेळापत्रक देतो. पण नोकरीचंही तेवढंच खरं बघा. पहिल्या वर्षीच्या ट्रेनीला शिफ्ट असते. सातपूरहून रात्री साडेअकराला सुटलेली मुलगी निफाडला कशी जाणार आणि सकाळी कोणतं गणित सोडवणार? तिला तरी नाशिकला खोली घ्यावीच लागेल. नोकरी धरून गेट देणारी मुलं आहेत, पण पुष्कळांचा अभ्यास दिवाळीत सुटतो आणि फेब्रुवारीत ती नुसती फॉर्म भरला म्हणून जातात. त्यापेक्षा पूर्ण एक वर्ष, पण नाशिकला राहून, असं मी म्हणेन. या सगळ्यात एक गोष्ट मात्र तिच्या बाजूनं आहे. आत्ताचा ३८० वाया जात नाही. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं धरला जातो. पुढच्या वर्षी कमी आले तरी प्रवेशासाठी हाच वापरता येतो. वयाची अट नाही, किती वेळा बसायचं याला बंधन नाही, मुलींना फी निम्मी. धोका स्कोअरचा नाहीच. तुम्ही म्हणता तसा, वर्षाचा आहे.

साशंक : आणि वाढून वाढून ४८० झाले, तर कोणतं दार उघडतं? जुन्या आयआयटींच्या मेकॅनिकलच्या चांगल्या शाखा तिथून खूप वर आहेत. सरकारी कंपन्या तर त्याहून वर, आणि त्या बहुधा त्याच वर्षीचा स्कोअर मागतात. उरली एनआयटीतली एखादी शाखा. त्यासाठी एक वर्ष तयारी, दोन वर्षं एम.टेक., महिना १२,४०० विद्यावेतन. ट्रेनीच्या हातात याहून जास्त पडतं. तीन वर्षांत ती शॉप फ्लोअरवर जे शिकेल ते काय कमी आहे?

आशावादी : कमी नाही. पण शॉप फ्लोअरवरून डिझाइनला, सिम्युलेशनला जायचं दार नाशिकमध्ये किती मुलींना उघडतं, हे तुम्ही आतून बघता. क्वालिटीत आणि डॉक्युमेंटेशनमध्ये बसवून ठेवलेल्या मुली तुमच्याच खात्यात असतील. एम.टेक.ची दोन वर्षं तिला निफाड ते नाशिक या तीस-चाळीस किलोमीटरच्या बाहेर काढतील, चांगली प्रयोगशाळा दाखवतील, घरात 'शिकतेय' हे उत्तर देता येईल. तुम्ही १२,४०० मोजताय. या बाकीच्या गोष्टी मी मोजतोय. कोणाची बेरीज बरोबर, हे आपण दोघं ठरवू शकत नाही.

साशंक : नाहीच ठरवू शकत. आणि डॉक्युमेंटेशनचं तुम्ही म्हणालात ते लागलं मला. आमच्याकडे तसंच आहे. तरीही मी पूर्ण ड्रॉपला हो म्हणणार नाही, कारण मला दोन वेगळी कामं एकात मिसळलेली दिसतात. व्हेरिएशन कमी करणं हे एक काम. सरासरी वर नेणं हे दुसरं. ३१ ते ४४ हे नेहमी ४२ ते ४४ झालं, तर तिला नवीन काहीच शिकावं लागलं नाही, नुसतं जे येतं ते सांडायचं थांबलं. त्याला वर्ष लागत नाही. एकक तपासणं, उत्तर पडताळणं, कोरे प्रश्न न सोडणं, हे कामावरून येऊनही करता येईल, अगदी द्राक्षाच्या हंगामातही. पण ४४ चे ६० करायचे असतील तर नवीन शिकावं लागेल, आणि त्याला मात्र तुम्ही म्हणता तसं अख्खं वर्ष आणि बंद दाराची खोली हवी. घरात आणि तुमच्या क्लासमध्येही या दोन्हीला एकच नाव आहे, 'स्कोअर सुधारणं'. म्हणून सगळ्यांना एकच औषध, ड्रॉप.

आशावादी : असं वेगळं करून मी पाहिलं नव्हतं. पण काका, माझी एक हरकत आहे. सांडणं थांबवायलाही मन शांत लागतं. तुम्ही म्हणता ते सोपं असतं तर तिनं या वर्षीच थांबवलं असतं. आणि सांडणं थांबल्याशिवाय ती ६० ला पोचू शकते की नाही हे कळणारच नाही. म्हणजे आधी पहिलं, मग दुसरं, हा क्रम ठरला. त्यासाठी नोकरी की खोली, यावर आपलं जमत नाही.

साशंक : नाही जमत. तुम्हाला वाटतं नोकरी तिचा अभ्यास खाईल. मला वाटतं घर खाईल.

आशावादी : मग एवढं करू. फॉर्म ऑगस्टअखेर निघतात. तोवर एप्रिल ते ऑगस्ट, दर दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी साडेनऊला ती माझ्याकडे एक जुना पेपर सोडवेल. फी नाही. तुम्ही तिला ट्रेनीचे अर्ज भरू द्या, मी अडवणार नाही. ऑगस्टपर्यंत मार्क चाळीसच्या खाली जायचे थांबले नाहीत, तर मी ड्रॉपचं नाव काढणार नाही. आणि थांबले, तर नाशिकला खोली करून देण्याबद्दल दाजींशी तुम्ही बोलायचं, मी नाही. माझं ते ऐकणार नाहीत.